प्रमाद, काटकसर आणि काचेतले प्रवाळ

जैन परंपरेतील दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात जीव घेण्याच्या कृतीइतकेच वजन त्या कृतीमागील प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला आणि बेफिकिरीला, दिलेले आहे. त्यामुळे मारण्याचा हेतू नव्हता एवढ्यावर कोणाचीही सुटका होत नाही, आणि उलट पुरेपूर सावध राहूनही एखादा जीव दगावला तर ती घटना हिंसेच्या खात्यात तशीच मांडली जात नाही. या व्याख्येची कसोटी पाहणारा एक घरगुती व्यवहार अमेरिकेत आणि युरोपात नेहमी होतो: छंद सोडणाऱ्या माणसाकडून खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची जुनी टाकी मोजक्या पैशांत घेऊन ती आपल्या घरी पुन्हा उभी करणे. कमी खर्चात भागवणे हे सामान्यतः अपरिग्रहाच्या, म्हणजे संचय आणि आसक्ती टाळण्याच्या, जवळचे मानले जाते. परंतु जिथे विकत घेतलेल्या सामानात प्राण असलेले जीवही येतात, तिथे काटकसर कोणाच्या वाट्याला जाते हे पाहिल्याशिवाय तिला सद्गुण म्हणता येणार नाही.

प्रवाळाला जीव मानावे की नाही, याविषयी जैन शास्त्रांना कधी शंका नव्हती, मात्र त्याचे स्थान वेगळे होते. उत्तराध्ययनसूत्रात, तसेच शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात, प्रवाळाची गणना स्फटिक आणि रत्ने यांच्यासोबत पृथ्वीकायिक जीवांत, म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर आहे आणि स्पर्श हे एकच ज्यांचे इंद्रिय आहे अशा जीवांत, केलेली आढळते. युरोपात त्याला दीर्घकाळ वनस्पती समजले जाई, आणि अठराव्या शतकात झाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने ती ‘फुले’ प्रत्यक्षात प्राणी आहेत असे सांगितले तेव्हा ते सहजासहजी स्वीकारले गेले नाही. आजचे जीवशास्त्र प्रवाळाला असंख्य लहान प्राण्यांची, म्हणजे पॉलिपांची, वसाहत मानते. प्रत्येक पॉलिपला तोंड आहे, शुंडके आहेत, आणि खडक बांधणाऱ्या जातींत पॉलिपच्या खाली चुनखडीचा सांगाडा साचत जातो. शास्त्रकारांना दगड दिसला आणि त्यातही त्यांनी जीव मानला, ही बाब लहान नाही. आजच्या माहितीने प्रवाळाचे वर्गीकरण बदलावे लागेल, पण त्याच्याशी वागताना जी सावधगिरी ठेवायची तिला त्यामुळे अधिकच आधार मिळतो.

अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या मर्यादित अहिंसाव्रताचे, पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, तत्त्वार्थसूत्रातच दिलेले आहेत: जखडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ही यादी उघडच बैल, घोडे आणि गाईगुरे डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, तरी ती खाऱ्या पाण्याच्या टाकीला लावून पाहिली असता आश्चर्य वाटावे इतकी नेमकी लागू पडते. त्यातही शेवटचा अतिचार सर्वांत सूक्ष्म आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते, प्रकाशसंश्लेषणाने ते जे अन्न तयार करते त्याचा मोठा भाग प्रवाळाला मिळतो, आणि म्हणून या जीवांसाठी दिवा हे पुष्कळ अंशी अन्नच असते. पैसे वाचवण्यासाठी अपुऱ्या प्रकाशाचा दिवा लावणारा माणूस प्रवाळाला उपाशी ठेवत असतो, आणि ती उपासमार आठवड्यांमागून आठवडे इतकी सावकाश चालते की ती दिसतही नाही. मँडरिन या देखण्या माशाचेही तसेच आहे: तो दिवसभर खडकावरील कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव टिपून जगतो, नव्या किंवा नुकत्याच हलवलेल्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि मालक रोज पाण्यात दाणे टाकत असतानाही मासा खंगत जातो. अतिभाराचा अर्थ येथे गर्दी असा होतो, कारण टाकीतील जीवाणू जेवढी घाण पचवू शकतात तेवढेच मासे त्या पाण्यात जगू शकतात.

छेदाचा प्रश्न अधिक अवघड आहे. या छंदात प्रवाळाच्या फांदीचा लहान तुकडा कापून दुसऱ्याला देण्याची पद्धत आहे. त्या तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात, तो खडकावर चिकटवला की वाढून नवी वसाहत होते, आणि अशा देवाणघेवाणीमुळे समुद्रातून नवे प्रवाळ काढण्याची गरज कमी होते. गाईचा कान कापणे आणि फांदी तोडणे यांपैकी हे कशाच्या जवळचे आहे? वसाहतीत व्यक्ती कोण, पॉलिप की संपूर्ण वसाहत, हेच जिथे निश्चित सांगता येत नाही, तिथे छेदाला दुखापत म्हणावे की वंशवृद्धी, याचे एकच उत्तर देता येत नाही; जैनांच्या साधारण वनस्पतीच्या कल्पनेत, म्हणजे एका शरीरात अनंत जीव एकत्र राहतात या विचारात, या कोड्याची जाणीव फार पूर्वी झालेली दिसते. तरीही स्वच्छ हत्याराने, निरोगी वसाहतीतून आणि वाढीला जागा असताना कापणे आणि विक्रीच्या घाईत आजारी वसाहतीचे तुकडे करणे यांत प्रमादाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, आणि ते ओळखायला व्यक्तीच्या व्याख्येची वाट पाहावी लागत नाही.

केवळ भक्तिभाव पुरत नाही, हे या छंदाच्या इतिहासातच दिसून आले आहे. फिलिप हेन्री गॉस हा इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ प्लिमथ ब्रदरेन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचा होता, समुद्रकाठच्या जीवांत त्याला ईश्वराची कारागिरी दिसे, आणि ती सर्वांना पाहता यावी म्हणून त्याने १८५४ मध्ये ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तक गाजले, घरोघरी समुद्री टाक्या आल्या, आणि हौशी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात ही हानी आणि वडिलांना त्यापायी झालेले दुःख यांची नोंद केली आहे. गॉसचा हेतू निर्मळ होता यात संशय नाही. पण पुस्तक वाचून किनाऱ्यावर जाणाऱ्या शेकडो हातांचा विचार त्यात नव्हता. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून अनुमोदन दिलेली अशी तिन्ही प्रकारची असते, असे जैन आचार मानतो, तेव्हा त्याची नजर नेमकी या हातांवर असते.

वापरलेल्या टाकीच्या बाजूने जो सर्वांत भक्कम युक्तिवाद करता येतो, तो याच तीन प्रकारांतून निघतो. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड पाण्यात सोडून मासे गुंगवून पकडण्याची रीत चालत आली, तिच्यामुळे आजूबाजूचे प्रवाळही मरतात. मूळचा इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतीचा बांगाई कार्डिनलफिश टाक्यांसाठी चालणाऱ्या माशांच्या व्यापारामुळे धोक्यात आला. दुकानातून असा पकडून आणलेला मासा विकत घेणे म्हणजे पुढच्या माशाला पकडायला लावणे होय. जुन्या मालकाकडील मासा मात्र आधीच पकडलेला असतो, त्याला समुद्र परत देता येत नाही, आणि त्याच्यापुढे चांगला सांभाळणारा किंवा वाईट सांभाळणारा एवढेच पर्याय उरलेले असतात. जखडून ठेवण्याचा दोष यामुळे नाहीसा होत नाही. ज्याला तो पूर्णपणे टाळायचा असेल त्याने टाकी ठेवूच नये, हे मत आदरणीय आहे. पण जे जीव आज काचेच्या आत आहेत त्यांचे काय करायचे, याचे उत्तर त्या मताने मिळत नाही.

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हा प्रश्न येथे नैतिक होतो. चरे पडलेली काच, जुने लाकडी कपाट, खालच्या गाळणीसाठी साधीच दुसरी टाकी, या गोष्टींत वाचवलेला पैसा फक्त मालकाच्या डोळ्यांना खुपतो. १९६१ मध्ये जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी केवळ जीवाणूंनी भरलेले ‘जिवंत’ खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे यांवर समुद्री टाक्या सांभाळण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली होती, त्यामुळे साधेपणा आणि हेळसांड एकच नव्हेत हे जुनेच सत्य आहे. मात्र जुन्या टाकीचे सिलिकॉनचे सांधे काही दिवस पाणी भरून तपासणे, कारण दोनशे लिटर समुद्रपाण्याचे वजनच सुमारे २०५ किलो असते. पाण्याची क्षारता अंदाजाने न ठरवता विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे हे मोजणे. नळाच्या पाण्याऐवजी आरओचे शुद्ध पाणी आणि स्वयंपाकाच्या मिठाऐवजी कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले समुद्री क्षार वापरणे. या कामांत केलेली बचत पाण्यातल्या जीवांच्या अंगावर येते.

वेळेची बचत त्याहून घातक आहे. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो, एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक बाधतो. हे जीवाणू पाण्यात थोडे आणि खडकांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर पुष्कळ असतात. म्हणून टाकी हलवताना खडक खाऱ्या पाण्यात बुडवून नेले तर ती साखळी बरीच टिकते, वाळले तर त्यांवरील जीव मरून कुजतात. जुनी वाळू मात्र वर्षानुवर्षांचा गाळ धरून असते, आणि ती ढवळून तशीच पुन्हा पसरली तर साठलेले विष एकदम पाण्यात येते. पैसे देऊन टाकी मिळते, खडक मिळतात, दिवाही मिळतो; हे आठवडे मिळत नाहीत, आणि ज्याला थांबवत नाही तो नेमका उमास्वातींच्या व्याख्येतला प्रमत्त ठरतो.

भारतात हा प्रश्न कायद्याने आणखी कडक केला आहे: खडक बांधणारे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, त्यामुळे मालवणच्या समुद्रातील प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि तो स्वस्तात मिळाला म्हणून गुन्हा हलका होत नाही.

सावधगिरीची जबाबदारी विकणाऱ्यावरही आहे, आणि बहुधा तिचाच विसर पडतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरलेले असेल तर ते खडकांत मुरलेले असू शकते आणि पुढे प्रवाळांना, शिंपल्यांना, कोळंबीला मारू शकते. ही गोष्ट फक्त जुन्या मालकालाच ठाऊक असते. छंद सोडताना मासे समुद्रात सोडून देणे हे अनेकांना अभयदान, म्हणजे जिवाला भयातून मुक्त करण्याचे पुण्य, वाटते. परंतु हिंदी-प्रशांत महासागरातील लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या पाण्यात आढळला, तो टाक्यांतूनच सुटला असावा असे सामान्यतः मानले जाते, आणि त्याने अटलांटिकमधील स्थानिक लहान माशांचा फडशा पाडला. परक्या समुद्रात सोडलेला जीव दुसऱ्या अनेक जिवांचे भय होतो. म्हणून ज्याला टाकी सांभाळणे यापुढे शक्य नाही, त्याने ती थोड्या पैशांत का होईना पण योग्य माणसाला द्यावी, आणि सोबत औषधांची, पाण्याच्या मोजमापांची, प्रत्येक माशाच्या खाण्याची आणि आजारांची नोंद काहीही न लपवता लिहून द्यावी.