आधी पंचम मोज

रुस्ताक, ओमान

चि. ओवी,

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. संगणकावर सप्तकाचे २४, ३१, ५३ असे हवे तेवढे समान भाग पाडता येतात, पण ते भातखंडे लिपीत लिहायचे कसे, असं तू विचारलं आहेस. त्यासाठी ५३ वेगळी चिन्हंही तयार केलीस. मेहनत दिसते. पण तो तक्ता महिन्याभराने तुला स्वतःलाच वाचता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मुळात पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी किती कमी चिन्हांत काम भागवलं ते बघ. सात अक्षरं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. एवढ्यात हजारो बंदिशी लिहून झाल्या. दरबारीचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार एकाच रेघेने लिहिला जातो, म्हणून ते दोन्ही सारखे लावायचे असं कुठल्याही विद्यार्थ्याला वाटत नाही, कारण उरलेलं तालमीत कळतं. भातखंडेबुवा वकील होते. कागदावर काय लिहावं आणि काय लिहू नये, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

इथे तुझ्या आत्याच्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा ऊद हे तंतुवाद्य वाजवतो. ऊदाला पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठेही ठेवता येतं. परवा त्याने रास्त हा अरबी मकाम, म्हणजे रागासारखी स्वरमांडणी, सावकाश वाजवला आणि मी पेटीवर स्वर शोधत गेलो. सा, रे, म, प, ध बिनतक्रार जुळले. गंधार मात्र कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मधोमध. निषादाचंही तेच. त्याच्या वहीत पाश्चात्त्य कोमलचिन्हावर एक तिरकी काट मारलेली होती. सप्तकाचे २४ समान भाग धरले तर तो अर्धकोमल, म्हणजे शुद्धापेक्षा एक पायरी खाली. इराणात याच कामासाठी अली-नकी वझिरी यांनी कोरोन आणि सोरी अशी दोन चिन्हं रूढ केली. आपल्या लिपीत ‘ग’खाली अखंड रेघेऐवजी तुटक रेघ दिली की झालं. रास्तचा प्रश्न तरी इथेच संपतो.

हे २४ भाग खरोखर समान आहेत का, यावर मात्र अरबांतच एकमत नाही. १९व्या शतकात दमास्कसच्या मिखाईल मिशाका यांनी समान पाव-स्वरांची मांडणी लिहून ठेवली. पुढे १९३२ साली कैरोत मोठी संगीत परिषद भरली. बार्तोक आणि हिंडेमिथसारखे युरोपीय संगीतकारही तिला हजर होते. तिथे याच गंधारावरून वाद झाले, कारण तो कैरोत एका जागी लागतो आणि तुर्कस्तानात त्याहून चढा लागतो. वाद मिटला नाही, पण कागदावरचं चिन्ह टिकलं.

असं का होतं, ते समजायला रुस्ताकचा फलज बघावा. इथला फलज अल-मयस्सर २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरातलं पाणी पाटाने बागांपर्यंत येतं आणि शेतकऱ्यांत वेळेने वाटलं जातं. एक असर म्हणजे अर्धा तास. असे २४ असर झाले की अर्ध्या दिवसाची पाळी भरते. जुन्या काळी हा हिशोब दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर चाले. पाऊस कमी झाला की पाटात पाणी कमी येतं, पण असर अर्ध्या तासाचाच राहतो. समान भाग पाण्याला नको असतात, वाटून घेणाऱ्या माणसांना हवे असतात. स्वरांच्या समान भागांचंही तसंच आहे.

आता तुझ्या ५३ भागांकडे येतो. चिन्हं ठरवण्याआधी एकच गोष्ट मोजायची: या मांडणीत पंचम कितव्या पायरीवर आहे? पेटीच्या १२ भागांत तो ७ व्या पायरीवर, २४ भागांत १४ व्या, ३१ भागांत १८ व्या आणि ५३ भागांत ३१ व्या पायरीवर. तिथून षड्ज-पंचम भावाने, म्हणजे दर वेळी पंचमाएवढी उडी मारत, सगळे स्वर निघतात. मध्यमापासून निघ: म, सा, प, रे, ध, ग, नी, तीव्र म. सात उड्या झाल्या. त्यातून चार सप्तकं वजा केली की ‘म’ आणि तीव्र ‘म’ यांच्यातलं अंतर मिळतं. पेटीत ४९ वजा ४८, म्हणजे १. ५३ भागांत २१७ वजा २१२, म्हणजे ५. बुवांची ती उभी रेघ पेटीत एका पायरीची आणि इथे पाच पायऱ्यांची. कोमलची आडवी रेघही पाचाचीच.

मग मधल्या पायऱ्यांसाठी अक्षराच्या डोक्यावर एक किंवा दोन बारीक फाटे दे: उजवीकडे झुकलेला फाटा म्हणजे एक पायरी वर, डावीकडे झुकलेला म्हणजे एक पायरी खाली. मी कागदावर करून पाहिलं. सात अक्षरं, बुवांच्या दोन रेघा आणि हे फाटे एवढ्यात ५३ पैकी एकही जागा उरत नाही.

यात एक गंमत आहे. उड्या मारत गेलं की शुद्ध गंधार १८ व्या पायरीवर येतो, पण तानपुऱ्यात आपोआप घुमणारा गंधार १७ व्या पायरीजवळ असतो. म्हणजे यमनाच्या ‘ग’ला एक डावा फाटा हवा. पेटीचा गंधार कानाला चढा का लागतो, ते तुला इथे कागदावर दिसेल. ३१ भागांत गंधार फाट्याशिवाय जुळतो, पण तिथे पंचम किंचित उतरतो. फुकट काहीच मिळत नाही.

तुझ्या पत्रातला ‘२२ श्रुती म्हणजे २२ समान भाग’ हा हिशोब मात्र सोडून दे. तिथे पंचम १३ व्या पायरीवर येतो. सा २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्याचा पंचम ३६० चा आणि तुझा साधारण ३६१.५ चा. दोन्ही एकदम वाजव, दर दोन सेकंदांत तीनदा लाट ऐकू येईल. अशा पंचमावर कोण गाणार? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, पण त्यांचे भाग समान नव्हते, गुणोत्तरांचे होते. त्या धर्तीची श्रुती-पेटी १९१६ च्या बडोदा परिषदेत मांडली गेली आणि गायक-वादकांना ती पटली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली. तिच्यात सा आणि प एकेकच, बाकी दहा स्वरांना दोन-दोन जागा. तीही असमानच.

तेव्हा तक्ता बाजूला ठेव. कोऱ्या पानाच्या माथ्यावर लिही: ‘सप्तक ५३, पंचम ३१, तीव्र-कोमल ५, फाटा १’. हा मजकूर नसेल तर खालचं लिखाण कुणालाही लागणार नाही, म्हणून तो प्रत्येक पानावर हवा. त्याखाली यमनाचे आरोह-अवरोह या पद्धतीने लिहून मला पाठव. धैवताला आणि निषादाला फाटा द्यायचा की नाही, ते मी सांगणार नाही. तानपुरा लावून तूच ठरव.

तुझे
आबा