इथाकेतलं जातं

होमरचं 'ओडिसी' म्हणजे घरी परतण्याचं महाकाव्य. १० वर्षं ट्रॉयचं युद्ध, पुढं १० वर्षांची वणवण. १२ जहाजं घेऊन निघालेला ऑडिसियस इथाकेला पोचला तो एकटाच. सोबतचे सगळे मेले. ह्याचं कौतुक जगानं पुष्कळ केलं. दोस्तांनो, आपण वेगळा सवाल टाकू. तो ज्या घरी आला, त्या घरात राबत कोण होतं?

५० गुलाम बाया. विसाव्या सर्गात त्यातली एक पहाटे जात्यावर बसलीय. बाकीच्या दळण उरकून झोपल्या. हिच्यात ताकद नाही, म्हणून हिचं उरलंय. जातं थांबवून ती देवाला मागते, ह्या आयतखाऊंचं आजचं जेवण शेवटचं ठरो. आयतखाऊ म्हणजे राणीशी लग्न लावायला वाड्यात ठाण मांडून बसलेले १०८ उमराव. ते ऐकून ऑडिसियस खूष होतो. त्याला शकुन मिळाला. बाईला काय मिळालं? होमर तिचं नावही सांगत नाही.

मग उमराव मारले जातात. मारताना ऑडिसियस बजावतो, तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केली. ठीक. पण जबरदस्ती होती, तर बाया गुन्हेगार कशा? होमर म्हणेल, काहीजणी हसत जात होत्या. जिला 'नाही' म्हणायची सोय नाही, तिच्या हसण्याचा अर्थ कुणी लावायचा? तरी १२ जणी वेगळ्या काढतात. त्यांच्याकडूनच प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात. मग राजपुत्र टेलेमॅकस जहाजाचा दोर बांधून त्यांना फासावर देतो. म्हणजे गुन्हा बाईवर झाला नव्हता, मालकाच्या मालावर झाला होता. माल दुसऱ्यानं वापरला, म्हणून माल मोडून टाकला.

ह्या १२ जणी दाखवल्या कुणी? म्हाताऱ्या युरिक्लिआनं. तीही २० बैलांच्या मोलानं विकत घेतलेली. डुकरं राखणारा गुलाम युमिअस मालकाकडून लढला. त्याला बायकोचं, घराचं वचन. एकाला बक्षीस, दुसरीला फास. गुलामी आणि अस्पृश्यता बाबासाहेबांनी एक मानली नाही, आपणही मानू नये. पण दबलेल्यांतच पायऱ्या पाडायच्या नि एकाला दुसऱ्यावर घालायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. युरिक्लिआला शिव्या घालणं सोपं. तिच्यापुढं दुसरी कुठली वाट होती, ते आधी सांगा.

मालक परतला, घर पूर्वीसारखं झालं, ह्यालाच ते काव्य न्याय म्हणतं. पूर्वीसारखं म्हणजे जातं चालूच. उद्या कुणी न्याय झाला म्हणून नगारे वाजवले, तर किती उमराव पडले एवढंच मोजू नका. जात्यावरच्या बाईला विचारा.