फळीवरचा अवयवी

2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचा सहावा सीझन डीव्हीडीवर आला. आधीचे पाच सीझन चौकोनी खोक्यांतून आले होते. फळीवर शेजारी शेजारी लावले की सगळ्यांच्या पाठी एका रांगेत येत. सहावा आला तो प्लास्टिकच्या डोक्यात. मालिकेतल्या बापाचे, होमरचे, पिवळेधमक टक्कल, त्याचे बटाट्याएवढे डोळे, आणि त्या डोक्याच्या पोटात (शब्दप्रयोग विचित्र आहे, पण वस्तूच तशी होती) डिस्क. संग्राहक भडकले. तक्रारी इतक्या झाल्या की, ज्यांना हवे असेल त्यांना नेहमीचे चौकोनी खोके मागवता येईल, अशी सोय फॉक्स कंपनीला करावी लागली. डिस्कवरचे भाग तेच होते, चित्र तेच, आवाज तोच. बदलले होते फक्त वेष्टन. मग दुखावले काय? प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण आत्मा आणि देह, नाम आणि रूप, अंश आणि पूर्ण यांबद्दल आपल्याकडे दोन-अडीच हजार वर्षे जो वाद चालला आहे, त्याची परीक्षा घ्यायला या पिवळ्या डोक्याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

यावरचे तयार प्रवचन सगळ्यांना पाठ आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे. तीच इथे लावायची: चित्रपट हा आत्मा, खोके हे वस्त्र, आणि वस्त्रासाठी रडणारा तो अज्ञानी. उपमा सुंदर आहे, पण इथे लागू पडत नाही. वस्त्र उतरवले तरी माणूस ओळखू येतो, डिस्कचे तसे नाही. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरलाही जरा कमी जाडीची ती चकती. तिच्यावर छापलेले नाव पुसले, खोके काढून घेतले, तर कुरोसावाचा चित्रपट आणि लग्नाची डीव्हीडी यांत डोळ्याला काडीचा फरक करता येत नाही. उजेडात तिरकी धरली की दोन्हींवर तेच इंद्रधनुष्य. घरात, फळीवर, हातात, एखादा चित्रपट ‘हा’ म्हणून दाखवता येतो तो खोक्यामुळे. म्हणजे खोके हे आत्म्यावर चढवलेले वस्त्र नाही. इंद्रियांपुरता विचार केला तर आत्म्याला ‘हा’ म्हणता येण्याची ती अटच आहे.

यावर वेदान्ताचा अभ्यासक म्हणेल की नाम आणि रूप हेच तर मिथ्या. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच सांगतो: मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे कळले, मडके-पणती ही नुसती नावे. ठीक. मग डिस्कच्या बाबतीत माती कोणती? पॉलिकार्बोनेट आणि त्यावर धातूचा एक पातळ थर. तो कळला की जगातल्या सगळ्या डिस्क कळल्या, पण त्यांतला एकही चित्रपट कळला नाही. ज्याला आपण ‘आतला आशय’ म्हणतो, तो त्या थरातल्या खळग्यांच्या रांगा आहेत. डीव्हीडीवर दोन रांगांमध्ये 0.74 मायक्रॉनचे अंतर, ब्लू-रेवर 0.32. म्हणजे आशयसुद्धा मातीला दिलेला आकारच, फक्त तो डोळ्याऐवजी लेसरने वाचायचा. आत द्रव्य आणि बाहेर रूप अशी विभागणी इथे नाहीच. आत एक रूप, बाहेर दुसरे रूप, आणि द्रव्य हा त्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग. मिथ्याच म्हणायचे तर दोन्ही रूपांना म्हणा. बाहेरच्याला मिथ्या ठरवून आतल्याला सत्य ठरवण्याचा अधिकार उद्दालकाच्या युक्तिवादातून मिळत नाही.

तरी एक आक्षेप उरतो, आणि तो बळकट आहे. बाहेरचे रूप बदलून आतले तसेच राहते. होमरच्या डोक्यातून काढून डिस्क चपलेच्या खोक्यात ठेवली तरी विनोद तोच राहील. तेव्हा बाहेरचे रूप चित्रपटाचे नव्हेच. हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. पण मग ते कोणाचे? माझे उत्तर असे, की ते मालिकेचे आहे, रांगेचे आहे. सहाव्या खोक्याची चौकोनी पाठ सहाव्या सीझनची मालमत्ता नव्हती, ती पहिल्या पाचांशी असलेले त्याचे नाते होते. संग्राहक ज्यासाठी भांडला ती वस्तू त्या डिस्कमध्येही नव्हती आणि त्या खोक्यातही नव्हती. सहाही मिळून जे एक होणार होते, त्यासाठी तो भांडत होता.

आपल्या तत्त्वज्ञांत याला नाव आहे: अवयवी. नैयायिक म्हणतात की सुतांपासून झालेले वस्त्र हे सुतांची नुसती बेरीज नाही. सुतांच्या आश्रयाने राहणारी ती एक निराळी, खरीखुरी वस्तू आहे. बौद्धांना हे मान्य नाही. मिलिंद राजाशी बोलताना भिक्षू नागसेनाने त्या राजाच्याच रथाचे उदाहरण घेतले. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? नाही. मग रथ हे भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव. उदयनाचार्यांपर्यंत हा वाद शतकानुशतके चालला. त्या अर्थाने संग्राहक हा जन्मजात नैयायिक. ‘सेट’ हा शब्द तो उच्चारतो तेव्हा त्याला सहा वस्तू म्हणायच्या नसतात, सातवी म्हणायची असते.

गंमत अशी, की खुद्द नैयायिकाने त्याला दारातूनच परत पाठवले असते. अवयवी आहे हे सिद्ध करताना न्यायसूत्रांत एक साधी कसोटी येते: धरणे आणि ओढणे. मडक्याचा काठ धरून उचलला की सगळे मडके वर येते, म्हणून मडके एक. फळीवरचा एक खोका ओढून पाहा. तोच हातात येतो, बाकीचे जागच्या जागी. आणि सैन्य किंवा वन यांसारखे समुदाय लांबून एक दिसतात, पण ते अवयवी नव्हेत, हेही न्यायाला ठाऊक आहे. फळी हे वन आहे. झाडे खरी, वन हा लांबून पाहणाऱ्याचा शब्द. तेव्हा संग्राहकाची बाजू नैयायिकाच्या आधाराने लढवायची तर ती इथे कोसळते, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. फळी ही वस्तू म्हणून एक नाही.

पण वस्तू म्हणून एक नसलेले बरेच काही एक असते. वारी एक असते, सत्र एक असते, चौदा वर्षांचा वनवास एक असतो. त्यांना एकत्र धरणारा समवाय, म्हणजे अवयव आणि अवयवी यांच्यातला नैयायिकांचा अतूट संबंध, नसतो, संकल्प असतो, आणि संकल्पाला काळ लागतो. फळीवरची रांग या जातीची आहे. क्रायटेरियन या अमेरिकी संस्थेचे उदाहरण पाहा. 1984 मध्ये लेसरडिस्कवर सुरू झालेल्या या संस्थेने 1998 पासून डीव्हीडी काढताना प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक घातला. क्रमांक एक झाँ रन्वारच्या ‘ग्रँड इल्यूजन’ला दिला. पण त्याची मूळ निगेटिव्ह, जी महायुद्धात पॅरिसहून बर्लिनला, तिथून मॉस्कोला आणि अखेर तुलूझच्या चित्रपट-संग्रहालयात पोचून विस्मरणात पडली होती, ती सापडली, आणि तिच्यावरून नवी प्रत करण्यासाठी डिस्क लांबणीवर पडली. क्रमांक दोन, कुरोसावाचा ‘सेव्हन समुराय’, 1998 मध्येच बाजारात आला. एक आला 1999 च्या अखेरीस. मधल्या काळात क्रमाने लावणाऱ्यांच्या फळीच्या डाव्या टोकाला एक बोटभर जागा रिकामी होती. वैशेषिकांनी पुढे अभाव हाही एक पदार्थ मानला. त्यातला प्रागभाव म्हणजे वस्तू होण्यापूर्वीचा तिचा अभाव, ज्याला सुरुवात नसते पण शेवट असतो. ती बोटभर जागा हा प्रागभाव होता, आणि तो दिसत होता. जिथे काही येणारच नाही अशी भिंतीवरची मोकळी जागा आणि जिथे एक क्रमांक येणार आहे अशी मोकळी जागा यांत डोळ्यापुरता फरक शून्य. फरक केला तो ‘दोन’ या आकड्याने. दोन छापणे म्हणजे एकाचा शब्द देणे.

माझा मुद्दा इथे येऊन थांबतो. वेष्टनाच्या एकरूपतेत प्रकाशकाने ग्राहकाला एक न लिहिलेला शब्द दिलेला असतो: तू सुरू कर, आम्ही पुरे करू. पहिल्या पाच खोक्यांच्या चौकोनी पाठी हे पाच वेळा दिलेले वचन होते. ग्रंथावलीचे चार खंड एका बांधणीत आले आणि पाचवा दोन बोटे उंच निघाला, तर मराठी वाचकही असाच चरफडतो. ती चरफड आपण सौंदर्यदृष्टीच्या खात्यावर टाकतो, पण ती खरी नीतीच्या खात्यातली आहे. प्लास्टिकचे डोके कुरूप होते की नव्हते हा वादच गौण. मला विचाराल तर ते मजेदार होते. पुढच्या सीझनांना मार्ज, मॅगी, लिसा, बार्ट अशी एकेकाची डोकी मिळाली, आणि जो सहाव्यापासून सुरुवात करता त्याच्या दृष्टीने डोक्यांची रांग हीच सुसंगत ठरली असती. तक्रार डोक्याबद्दल नव्हती, ‘सहाव्या’ला डोके असण्याबद्दल होती.

कोणी म्हणेल, अशाने प्रकाशकाने कधी काही बदलायचेच नाही. तसे मुळीच नाही. ‘सेव्हन समुराय’च पाहा. 1998 ची एक डिस्क. 2006 मध्ये तीन डिस्कची नवी आवृत्ती, नवे मुखपृष्ठ. 2010 मध्ये ब्लू-रे. 2024 मध्ये 4के. डीव्हीडीची डबी 190 मिलिमीटर उंच, ब्लू-रेची सुमारे 171, म्हणजे रांग इथेही मोडली. पाठीवरचा आकडा तेवढा दोनच राहिला. चित्र बदलले, डबी बदलली, खळगे बदलले, पोतही बदलला. नागसेन हजर असता तर त्याने समाधानाने मान डोलावली असती, कारण टिकले ते केवळ नाव. तरी याला मी वचनभंग म्हणणार नाही. इथे बदल आतून आला: चित्र अधिक स्वच्छ झाले, त्याला नवी डिस्क लागली, नव्या डिस्कला नवी डबी. होमरचे डोके आतल्या कशाच्याही गरजेतून आलेले नव्हते. ते दुकानातल्या गर्दीत उठून दिसण्यासाठी होते, म्हणजे ज्याने अजून काही विकत घेतलेले नाही त्याच्यासाठी. पाच खोके घेतलेल्याला दिलेला शब्द सहाव्याच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी मोडला गेला. बाजारात हे रोज होते, म्हणून त्याचे काही वाटेनासे होते, इतकेच.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र जैनांकडून येतो. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची मोजदाद केलेली नाही. परिग्रह म्हणजे मूर्च्छा, असे म्हटले आहे. किती साठवले याला महत्त्व नाही, साठवलेल्यात शुद्ध हरपली का ते पाहायचे. वचन, संकल्प, वारी असे जड शब्द वापरून मी मूर्च्छेलाच सोवळे नेसवतो आहे, असा आरोप होऊ शकतो, आणि तो काही अंशी खरा आहे. अधिक चांगली प्रत बाजारात असताना केवळ पाठ जुळत नाही म्हणून जो जुनी, अंधूक प्रत धरून बसतो, त्याच्यासाठी उमास्वातींपेक्षा नेमका शब्द मी सुचवू शकत नाही. तिथे रांग चित्रपटासाठी उरलेली नसते, चित्रपट रांगेसाठी राबत असतो. पण मूर्च्छेचे लक्षण हे की मूर्च्छिताला देणाऱ्या-घेणाऱ्यातला दुसरा दिसेनासा होतो. तक्रार करणाऱ्याला तो दिसत असतो. तो खोक्याशी बोलत नाही, ज्याने खोके पाठवले त्याच्याशी बोलतो. ‘माझे’ असे म्हणण्यापूर्वी तो ‘तुम्ही म्हणाला होतात’ असे म्हणतो. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असू शकतात, बहुधा असतातच, आणि एकीवरून दुसरीचा निकाल लावणे ही प्रवचनकारांची जुनी खोड आहे.

काही प्रकाशकांनी यातून एक साधी तोड काढली. ब्रिटनमधली ॲरो व्हिडिओ बऱ्याच चित्रपटांच्या डबीत दोन्ही बाजूंनी छापलेले मुखपृष्ठ घालते: एकीकडे आज काढून घेतलेले नवे चित्र, उलट बाजूला त्या काळातले पोस्टर. प्लास्टिकच्या पारदर्शक आवरणातून कागद ओढायचा, उलटायचा, पुन्हा सरकवायचा. कोपरा दुमडू नये म्हणून नखाने जरा सांभाळायचे. निवड घरातल्या माणसाची. यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुटत नाही, पण वचन मोडत नाही, कारण दिलेलेच मुळात दोन आहेत.

फॉक्सने दिलेल्या चौकोनी खोक्याने मात्र प्रश्न होता त्याहून अवघड करून ठेवला. खोके आले, डिस्क त्यात गेल्या, फळीवरची रांग सरळ झाली. हातात उरले ते रिकामे डोके. त्यात चित्रपट नाही, मालिका नाही, रांगेत त्याला जागा नाही, आणि तरी सहावा सीझन घेतला तेव्हा बाजारातून घरी आले होते ते तेच. उद्या संच विकायला काढला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार: मूळ पॅकिंग आहे ना?