रीत

उत्तर बरोबर आलं, मग रीत कशापायी लिहायची, असं पोरं विचारतात. प्रश्न साधा नाही.

एक गणित घेऊ. कर्ज ५,००० रुपये, व्याज महिन्याला शेकडा २ रुपये, मुदत ८ महिने. शंभराला २, म्हणजे ५,००० ला महिन्याचे १००. आठ महिन्यांचे ८००. मुद्दल धरून ५,८००. यातली एकेक पायरी शाळकरी पोरगंही तपासतं. पण सावकार नुसतंच म्हणाला, "साडेसहा हजार झाले," तर कुळानं तपासायचं काय? एक तर मुकाट अंगठा उठवायचा, नाही तर भांडण काढायचं.

नुसतं उत्तर म्हणजे हुकूम. रीत मांडली की समोरच्याला ताळा करता येतो. चूक निघालीच, तर बोट पायरीवर ठेवता येतं. माणसाला खोटं पाडावं लागत नाही.

वाटणीतही तेच. ३ एकर २० गुंठे म्हणजे १४० गुंठे, चार भावांना ३५-३५. थोरल्यानं नुसता आकडा सांगितला, तर तो खरा असूनही धाकट्याच्या मनात अढी राहते. चौघांसमोर मांडून दाखवला, तर राहत नाही.

म्हणून बरोबर उत्तरालाही रीत लागते. गणित मांडण्याला आपल्याकडं रीत म्हणतात, अन् नीट वागण्यालाही रीतच म्हणतात.