दुखणे कोणी अर्पण करायचे?



“म्हातारपण आहे, दुखणारच. प्रभूला अर्पण कर.” आपल्या घरांत हे वाक्य सहज बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही प्रश्न उरतो: हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा, अशी ज्यांची वर्षानुवर्षे गेली, त्यांची कंबर आणि गुडघे उतारवयात बोलू लागतात. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. दिवस कसाबसा निघतो, पण रात्र सरत नाही. पहाट केव्हा होईल या वाटेकडे डोळे लावून तळमळणाऱ्या ईयोबाने हेच गाऱ्हाणे देवापुढे मांडले होते.

वेदना आणि झोप यांचे नाते दोन्ही बाजूंनी चालते. वेदनेने झोप मोडते आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक जाणवते. वयाबरोबर गाढ झोप आधीच कमी झालेली असते. मेंदूचे निरनिराळे भाग सतत एकमेकांशी संपर्क ठेवून काम करतात. विशेष एमआरआय तपासणीत हा संपर्क पाहता येतो. जुनाट वेदना असलेल्यांमध्ये वेदना, भावना आणि लक्ष यांच्याशी निगडित भागांतील संपर्क वेगळा दिसतो, असे संशोधकांना आढळले आहे. अपुऱ्या झोपेचाही या संपर्कावर परिणाम होतो.

म्हणून आजी चिडते, आजोबा सांगितलेले विसरतात, जपमाळेच्या वेळी त्यांचा डोळा लागतो, तेव्हा “स्वभावच तसा” किंवा “भक्ती उरली नाही” असा निवाडा करण्याची घाई करू नये. कदाचित ते कित्येक रात्री झोपलेलेच नसतील.

मग ख्रिस्ती माणसाने वेदना सोसावी की औषध घ्यावे? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले की वेदनाशामक औषध घेण्यास श्रद्धेची आडकाठी नाही. प्रभू येशूने क्रूसावर जाण्यापूर्वी बोळमिश्रित द्राक्षारस नाकारला, हे खरे. पण तो नकार त्याचा स्वतःचा होता. जखमी माणसासाठी त्याने दाखला दिला तो तेल आणि द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही ११ फेब्रुवारी १९८४ च्या दुःखविषयक पत्रात क्रूसाचे मोल सांगून अखेरीस याच शोमरोन्याकडे आपल्याला नेले.

याचा अर्थ असा की दुःखाचे अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. माझे दुखणे मी वेदीवर ठेवू शकतो. दुसऱ्याचे दुखणे मात्र माझ्या वाट्याला येते ते सेवा म्हणून. “अर्पण कर” म्हणून आपण उठून गेलो, तर अर्पण झाले तिचे आणि सुटका झाली आपली!

ही सेवा फार मोठी नसते. “रात्री झोप लागली का?” एवढे विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज घेतल्याने पोटाला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते; झोपेच्या गोळीने म्हातारे माणूस रात्री पडू शकते. म्हणून डॉक्टरांना दाखवावे. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. बरोबर जाणारे कोणीतरी हवे असते. ज्यांना मिस्साला येणे जमत नाही, त्यांचे नाव फादरांना कळवावे. ख्रिस्तशरीर आणि रुग्णाभ्यंग त्यांच्या खाटेपर्यंत येऊ शकतात.

आज मिस्सा संपल्यावर आपल्या शेजारच्या बाकावरील वृद्धांना हा एक प्रश्न विचारूया. प्रभू त्यांना आजच्या रात्री शांत झोप देवो आणि आपल्याला जागे ठेवो.