मुकं दुखणं

मांजर आपलं दुखणं लपवतं. एकट्यानं शिकार करणाऱ्या या जिवाला अशक्तपणा उघड करणं परवडत नाही. हा स्वभाव घरच्या उबेत येऊनही सुटलेला नाही. म्हणून ते कण्हत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. आपण म्हणतो, झोपलंय बिचारं.

लखनौच्या विकास नगरात राहणारी मराठी घरं असोत की परळची, माणसांनी हे मौन वाचायला शिकायला हवं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, दोन-तीन दिवसांत जीव जातो. आणि मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. त्याचं यकृत ती पचवू शकत नाही. एक गोळीही प्राणघातक ठरते. हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण ती गोळी मायेपोटीच दिली जाते.

तातडी नसेल, तर मांजराला दवाखान्यात न्यायची टोपली आधीचे काही दिवस घरात उघडी ठेवा, आत त्याचं जुनं फडकं घाला. लखनौच्या जूनमध्ये तर लू सुटण्याआधी, सकाळीच निघा.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसीकरण सुरू करतात, रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. तुमच्या मांजराची लस राहिली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.