प्रारब्ध आणि मच्छरदाणीचे कापड
अंतर्गळ, म्हणजे आपल्या बोलण्यातला हर्निया, निघाला की ‘भोग आहेत, भोगायचे’ असे म्हणणारे कुणीतरी घरात असतेच. धीर द्यायला हे बोलणे ठीक. पण कारण म्हणून ते पुढे केले, तर तपासून घ्यायला हवे. जांघेतला हर्नियाच घ्या. मुलगा गर्भात असताना वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माआधी जांघेतून खाली उतरतात. त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची पिशवीही खाली येते. तिचे तोंड पुढे मिटले नाही, तर आतडे तीत उतरू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हर्निया जास्त आढळतो, कारण तोंड मिटायला पुरेसा अवधीच मिळालेला नसतो. पूर्वजन्मीचे पाप गर्भाचे आठवडे मोजून फळते, असे मानायला कर्मवाद्यालाही जड जाईल.

जाणकार कर्मवादी यावर म्हणेल की वैद्यक फक्त ‘कसे’ ते सांगते, ‘मलाच का’ हा प्रश्न शिल्लकच राहतो. आक्षेप पोकळ नाही. शिवाय त्याच परंपरेत प्रारब्धाच्या, म्हणजे मागल्या कर्माच्या फळाच्या, जोडीला क्रियमाण, म्हणजे आता हातून घडणारे कर्मही आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे कर्माशी भांडण नव्हे. पण क्रियमाणाची हद्द एकदा मान्य केली की ती वाढतच जाते. इटलीतल्या बास्सिनीने १८८७ मध्ये जांघेची मागची भिंत स्नायूंचे थर शिवून बळकट करण्याची पद्धत मांडली. त्या शिवणीवर ताण येई आणि काहींचा हर्निया परत उद्भवे. पुढे अमेरिकेत लिक्टेन्स्टाइनने थर न ओढता प्लास्टिकची जाळी बसवणे रूढ केले. शरीराचे तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत पक्की होते. आता अडचण राहिली ती जाळीच्या किमतीची. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याचीच जाळी वापरली. २०१६ मध्ये युगांडातल्या सुमारे ३०० पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत एक डॉलरच्या आसपास किमतीचे असे कापड शंभराहून अधिक डॉलरच्या जाळीच्या तोडीस तोड ठरले. ज्याला केवळ पैशाअभावी दुखणे अंगावर काढावे लागते, त्याच्या ‘मलाच का’चे उत्तर मागच्या जन्मात शोधायचे कारण काय? ते याच जन्मात, आपण आरोग्यावर किती आणि कुणासाठी खर्च करतो यात सापडते. इथे प्रारब्धाचे नाव घेणे म्हणजे समाजाची जबाबदारी देवाच्या खात्यावर लिहिणे.

प्रत्येक हर्निया लगेच शिवावाच लागतो असेही नाही. त्रास नसलेल्या पुरुषाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहिली तर चालते. ते थांबणे विचारपूर्वक असते, भोग समजून गप्प बसणे तसे नसते. हर्नियाची गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर पत्रिका दाखवत बसू नये. आतड्याचा रक्तपुरवठा तुटायला काही तास पुरतात, तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.